लग्नांतील वाद्यें

लग्नसराई जवळ आली म्हणजे कापड, सोनें आणि जेवणावळी यांचा हिशेब घरोघर बारकाईनें होतो. पण वाद्य कोणतें असावें, याचा विचार क्वचितच होतो. शेजाऱ्याच्या डीजेहून आपला मोठा असावा, एवढाच काय तो विचार! ज्या गडगडाटानें शेजारचा आजारी म्हातारा आणि पाळण्यांतील तान्हें मूल तळमळत पडतात, त्यास मंगल वाद्य म्हणावें तरी कसें?

कायदा याबाबत स्पष्ट आहे. सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणें रहिवासी वस्तींत मर्यादा दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबलची आहे. बंदिस्त सभागृहाखेरीज रात्रीं १० ते सकाळीं ६ पर्यंत ध्वनिवर्धक लावतां येत नाहीं. १८ जुलै २००५ च्या निकालांत सर्वोच्च न्यायालयानेंही या बंधनास दुजोरा दिला आहे.

कोणी म्हणतील, लग्न वाजतगाजत व्हावें ही तर रूढीच आहे. असेल, पण रूढीच्या अभिमान्यांनीं आपलीं मंगलाष्टकेंच नीट ऐकावींत. वाजंत्र्यांनीं फार गलबला करूं नये, अशी विनंती त्यांतच पूर्वापार चालत आली आहे! अक्षता पडेपर्यंत शांतता आणि अंतरपाट दूर होतांच सनई-चौघडा, ही योजना आमच्या पूर्वजांनीं विचारपूर्वक केली होती. स्वागतसमारंभांतही पाहुण्यांस एकमेकांशीं बोलतां येईल अशा बेताची सतार किंवा बांसरी पुरे. गाणीं लावावयाचींच तर त्यांचा अर्थ तरी पाहावा. केवळ चाल गोड म्हणून वधूवरांसमोर विरहाचें रडगाणें लावणें हा निव्वळ अविचार होय.

आणखी एक गोष्ट आम्हांस सांगितलीच पाहिजे. उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांनीं सनईस मैफलींत मानाचें स्थान मिळवून दिलें. २००१ सालीं त्यांस भारतरत्न हा किताब मिळाला. परंतु गांवोगांवचा सनईवाला पुष्कळ ठिकाणीं अद्याप मांडवाच्या दाराशींच ताटकळतो, सर्व पंगती उठल्यावर जेवतो आणि बिदागीसाठीं यजमानाची मनधरणी करतो. डीजेवाल्यास आगाऊ इसार देणारा व्यापारी गृहस्थ या कलावंताशीं मात्र चार पैशांवरून घासाघीस करतो, हें लाजिरवाणें आहे.

म्हणून आमची वाचकांस विनंति अशी कीं, यंदाच्या कार्यांत सनईवाल्यास आधीं बोलवा, ठरलेली बिदागी वेळेवर द्या आणि त्यास पाहुण्यांच्या पंगतींत सन्मानानें बसवा. सुधारणा दुसऱ्याच्या मांडवांत व्हावी असें म्हणणारे पुष्कळ आहेत; ती आपल्या मांडवापासून आरंभणारे यजमान आम्हांस हवे आहेत.