गंजिफांची पेटी

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील सावंतवाडी हे गाव लाकडी खेळणी आणि गंजिफा यांकरिता प्रसिद्ध आहे. गंजिफा म्हणजे हाताने रंगविलेले वाटोळे पत्ते. दशावतारी गंजिफांत विष्णूच्या दहा अवतारांचे दहा गट असतात. प्रत्येक गटात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंतची दहा पाने मिळून बारा पाने येतात. म्हणजे पूर्ण संच १२० पानांचा होतो. इतकी पाने एकत्र व सुरक्षित राहावीत म्हणून त्यांना सरकत्या झाकणाची लाकडी पेटी करतात, आणि पानांप्रमाणे त्या पेटीवरही वेलबुट्टी व चित्रे काढतात.

पाहणाऱ्याचे लक्ष प्रथम चित्रांकडे जाते. परंतु कारागिराच्या कौशल्याची पहिली कसोटी चित्रांत नसते, झाकणात असते. ते श्रावणात खाचेत अडकता कामा नये आणि वैशाखात सैल होऊन निखळताही कामा नये. ही साधी दिसणारी अट पुरी करावयाची, तर लाकडाचा स्वभाव ठाऊक असावा लागतो.

लाकूड का फुगते?

झाड तोडले, फळ्या पाडल्या आणि त्या वर्षानुवर्षे सुकविल्या, तरी लाकडाचा पाण्याशी असलेला संबंध तुटत नाही. लाकूड हे असंख्य सूक्ष्म, लांबट पेशींचे बनलेले असते. हवा दमट झाली की या पेशींच्या भिंती हवेतील बाष्प शोषून घेतात. हवा कोरडी झाली की ते परत सोडतात. हवेची सापेक्ष आर्द्रता ६५ टक्के असेल, तर लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे १२ टक्के पाणी राहते. आर्द्रता ८५ टक्क्यांवर गेली की हे प्रमाण सुमारे १८ टक्के होते आणि ३० टक्क्यांवर उतरली की सुमारे ६ टक्के होते.

पेशींच्या भिंतींतील तंतू बहुतांशी खोडाच्या लांबीच्या दिशेने असतात. पाणी या तंतूंच्या मधल्या जागेत शिरते. त्यामुळे तंतू एकमेकांपासून दूर सरतात, पण लांब होत नाहीत. म्हणूनच फळी रुंदीत फुगते व आकसते. लांबीत मात्र तिच्यात जवळजवळ फरक पडत नाही.

रुंदीतील फरकही सर्वत्र सारखा नसतो. ओल्या सागाचे लाकूड पूर्ण कोरडे होईपर्यंत खोडाच्या वलयांच्या कडेने सुमारे ५.८ टक्के आकसते. पण गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या दिशेने केवळ सुमारे २.५ टक्केच आकसते. अर्थात फळी खोडातून कोणत्या दिशेने कापली आहे, यावर तिचे पुढील वर्तन अवलंबून राहते.

एक उदाहरण

समजा, ऐन पावसाळ्यात कोकणात सागाची एक पेटी तयार झाली. झाकणाची रुंदी १० सेंटीमीटर आहे आणि लाकडात १८ टक्के पाणी आहे. ही पेटी कोणी लखनौच्या महानगर वस्तीतील आपल्या आप्तांकडे पाठविली. तेथे उन्हाळ्यात 'लू' वाहू लागली आणि घरातील आर्द्रता ३० टक्क्यांच्या आसपास राहिली, तर काही आठवड्यांत झाकणातील पाणी ६ टक्क्यांपर्यंत खाली येईल.

लाकडाचे आकसणे पाण्याचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांच्या खाली गेल्यावर सुरू होते. म्हणून १२ टक्क्यांच्या घटीने एकूण आकसण्याचा बारातिसांश भाग घडून येईल. झाकणाची फळी वलयांच्या कडेने कापलेली असल्यास ते सुमारे २.३ मिलिमीटर अरुंद होईल. तीच फळी गाभ्यापासून सालीकडे कापलेली असल्यास फरक १ मिलिमीटरच पडेल. झाकण दोन्ही बाजूंच्या खाचांत प्रत्येकी केवळ १ मिलिमीटर शिरलेले असेल, तर पहिल्या प्रकारचे झाकण निखळून खाली पडेल. खाचा ३ मिलिमीटर खोल असतील, तर ते सैल होईल, पण जागेवर राहील.

याच्या उलट, कोरड्या हवेत खाचेत घट्ट बसविलेले झाकण पावसाळी हवेत फुगून बाजूच्या फळ्यांना बाहेर रेटते. ते मागे-पुढे हलत नाही, आणि बळाने ओढल्यास पेटीचा सांधा उघडतो किंवा झाकणालाच चीर पडते. त्या चिरेबरोबर कित्येक दिवसांचे रंगकामही वाया जाते.

पेटीची जुळणी

म्हणून जाणता सुतार आरंभी फळ्यांची निवड करतो. फळीच्या टोकावरील वलयांच्या रेषा पाहून तो ती कशी कापली आहे हे ओळखतो आणि झाकणासाठी कमी आकसणारी फळी राखून ठेवतो. करवतीने तुकडे पाडून तो रंध्याने त्यांची जाडी एकसारखी करतो व गुण्या लावून कोन तपासतो. चारही बाजूंच्या फळ्यांचे तंतू तो आडवे ठेवतो. त्यामुळे हवामान बदलले तरी चारही बाजू उंचीत सारख्याच वाढतात आणि कोपऱ्यांवर ताण पडत नाही.

कोपऱ्यांचे दात पटाशीने कोरून ते सरसाने चिकटवितात. तळाची फळी मात्र चिकटवावयाची नसते. ती खाचेत मोकळी सोडली, म्हणजे तिला फुगण्यास वाव राहतो. झाकणाचे तंतू ते सरकण्याच्या दिशेने ठेवतात. तंतू रुंदीच्या दिशेने ठेवले तर झाकण खाचेत अडकणार नाही हे खरे. परंतु पातळ फळी तंतूंच्या रेषेवर सहज मोडते, आणि असे झाकण अंगठ्याने रेटताच मधोमध तुटण्याचा संभव असतो.

त्यानंतर रंग आणि लाखेचे रोगण येते. रोगणामुळे बाष्पाची ये-जा मंदावते. ती पूर्णपणे थांबत नाही. झाकणाची एकच बाजू रोगणाने झाकली तर उघडी बाजू लवकर फुगते व झाकण वाकते. याकरिता न दिसणाऱ्या आतल्या बाजूसही रोगण देणे आवश्यक असते.

हाताकडून हाताकडे

विसाव्या शतकाच्या मध्यास यंत्रावर छापलेले पत्ते स्वस्त झाले, गंजिफा मागे पडल्या आणि ही विद्या जाणणारे चितारी फार थोडे उरले. सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी एका वृद्ध चिताऱ्याकडून ही कला स्वतः शिकून घेतली आणि राजवाड्यात 'सावंतवाडी लॅकरवेअर्स' हा उद्योग उभारून कारागिरांना काम मिळवून दिले. या प्रयत्नाचे मोल मोठे आहे. चित्रांचे नमुने संग्रहालयांत जतन करता येतात. पण कोणत्या फळीला किती वाव द्यावा, हे पेटी करणाऱ्या हातालाच ठाऊक असते, आणि तो हात दुसऱ्या हाताला शिकवू शकला तरच ते पुढे टिकते.

विद्यार्थ्यांना हा नियम शाळेत पडताळून पाहता येईल. रोगण न दिलेली सुमारे ३० सेंटीमीटर रुंदीची साधी फळी घ्यावी. तिच्या लांबीवर व रुंदीवर खुणा करून मे महिन्यात दोन्ही अंतरे काळजीपूर्वक मोजावीत आणि ऑगस्टमध्ये त्याच खुणांवर पुन्हा मोजावीत. लांबी जशीच्या तशी राहिलेली आढळेल. रुंदी मात्र वाढलेली दिसेल. ही वाढ किती आहे हे ज्याने स्वतः मोजले, त्याला पेटीच्या झाकणाभोवती सोडलेली बारीक फट ही कारागिराची चूक वाटणार नाही.