विमानाचे अंतर आणि घड्याळाचा हिशेब

धार-देवासच्या मराठी घरांतून आई-वडील मुलांकडे परदेशी निघाले की पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘विमानात किती तास बसायचं?’ तिकिटावर सुटण्याची आणि पोहोचण्याची वेळ छापलेली असते, पण दोन्ही वेळा त्या-त्या गावच्या घड्याळाच्या. त्यांची नुसती वजाबाकी केली तर उत्तर चुकते.

धार आणि देवास दोन्हींना सोयीचा विमानतळ इंदूरचा. तिथून पहिले आंतरराष्ट्रीय विमान १५ जुलै २०१९ रोजी दुबईला गेले. तेच अंतर कागदावर काढू. इंदूरचा विमानतळ २२.७ अंश उत्तर, ७५.८ अंश पूर्व. दुबई २५.३ उत्तर, ५५.४ पूर्व. अक्षांशांत फरक २.६ अंश, एका अंशाचे १११ किलोमीटर, म्हणजे सुमारे २९०. रेखांशांत फरक २०.४ अंश, ध्रुवांकडे रेखावृत्ते जवळ येत जातात, म्हणून आपल्या पट्ट्यात एका अंशाचे साधारण १०१.५ किलोमीटरच भरतात. ते झाले २,०७०. आता काटकोन त्रिकोणाचा कर्ण काढा : सुमारे २,०९० किलोमीटर.

ताशी ८५० च्या वेगाने अडीच तास; चढण्या-उतरण्याचा वेळ धरून तीन. दुबईचे घड्याळ आपल्यामागे दीड तास, म्हणून जाताना घड्याळावर दीडच तास गेलेला दिसतो आणि येताना साडेचार. बसायचे दोन्ही वेळा तीनच तासांच्या आसपास.

लांबच्या पल्ल्याला हा त्रिकोण चालत नाही. तिथे पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून पाहावा. दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को असा दोरा धरला तर तो उत्तर ध्रुवाजवळून जातो आणि अंतर निघते सुमारे १२,४०० किलोमीटर.

तरीही विमान दोऱ्यावरून जाईलच असे नाही. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. एअर इंडियाचे दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान आधी अटलांटिकवरून जाई. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते पॅसिफिकवरून नेले. वाट जवळपास १,४०० किलोमीटरने वाढून १५,३०० झाली, पण वारा पाठीशी आल्याने वेळ उलट घटला आणि साडेचौदा तासांवर आला. अंतर जास्त तर वेळ जास्त, हा आपला एसटीचा हिशेब तिथे लागू पडत नाही.

म्हणून वडीलधाऱ्यांचे तिकीट काढताना सुटण्या-पोहोचण्याच्या वेळांवर जाऊ नका. एकूण प्रवासाचे तास वेगळे दिलेले असतात, ते पाहा. त्यात देवास किंवा धारहून इंदूर गाठायचा वेळ आणि विमानतळावर आधी पोहोचण्याचे तास मिळवा, आणि तोच आकडा त्यांना सांगा.