माळवद वाकले तेव्हा

एप्रिल २०२२ मध्ये आमच्या उदगीरला पंचाण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा पुण्याचे एक स्नेही आमच्याकडे मुक्कामाला होते. वैशाख तोंडावर आलेला, बाहेर ऊन नुसते भाजून काढीत होते. दुपारी जेवण आटोपून गृहस्थ माजघरात सतरंजीवर आडवे झाले आणि म्हणाले, "काय हो, कूलर तर दिसत नाही, मग हा गारवा कुठला?" मी मोठ्या तोऱ्यात वर बोट दाखविले. "वर हातभर माती आहे, तिचा!" ते बराच वेळ छताकडे पाहात राहिले. मला वाटले, कौतुक चालले आहे. मग हळूच म्हणाले, "ती मधली तुळई खाली आली आहे का हो?"

ज्या छताखाली मी जन्मापासून निजलो ते वाकले आहे, हे मला पुण्याच्या पाहुण्याने सांगावे! आणि त्या तुळईच्या बरोबर खाली आईची बाज.

ज्यांनी माळवद पाहिलेले नाही अशा वाचकांसाठी थोडे सांगायला हवे. दगडी उथळ्यांवर लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर आडव्या कड्या, कड्यांवर दाटीने बसविलेल्या किलच्या. त्यांवर निंबाचा नाहीतर पळसाचा पाला, मग चिखलाचा थर आणि सर्वांत वर पांढरी माती. रानातली काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाने भेगाळते, ती या कामाची नाही. पांढरी भिजली की वरच्या वर मिटते आणि पाणी खाली जाऊ देत नाही. जुन्या गावठाणाच्या, पडक्या गढीच्या जागची ही माती लोक पाट्या भरभरून आणतात. मराठवाड्यातल्या कित्येक गढ्या वाऱ्यापावसाने झिजल्या त्याहून अधिक या पाट्यांनी झिजल्या असाव्यात! छताला किंचित उतार, उताराच्या टोकाला पन्हळ, आणि उजेडासाठी मधे एक साणे. उन्हाळ्यात रात्री याच माळवदावर अंथरुणे पडतात, दिवसा कुरडया वाळतात.

पाहुणे गेल्यावर मी एका कंत्राटदाराला बोलावले. त्याने दारातूनच वर पाहिले आणि निकाल दिला : "सर, हे सगळं उतरवा. स्लॅब टाकून देतो, शंभर वर्षं बघायला नको." त्याच्या बोलण्याने माझे मन जवळजवळ वळले होते. आई बाजेवर बसून ऐकत होती. तिने विचारले, "अन् स्लॅब कशावर टाकणार?"

"ह्याच भिंतींवर की आजी! दोन-दोन फुटी भिंती आहेत."

"किल्लारीला बी दोन फुटीच होत्या," आई म्हणाली.

पुढे कोणी बोलले नाही.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या रात्री अनंत चतुर्दशीची मिरवणूक पाहून आम्ही मुले निजलो होतो. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी घर हलले. किल्लारी आमच्यापासून सरळ रेषेत साठ-सत्तर किलोमीटर. आम्ही वाचलो, तिकडे लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली बावन्न गावे जमीनदोस्त झाली, हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. त्यानंतर कितीतरी दिवस आम्ही अंगणात झोपत होतो, आणि जो तो म्हणत होता : माळवदाने माणसे मारली.

ते खोटे नव्हते, पण पुरते खरेही नव्हते. किल्लारीच्या घरांच्या भिंती जाड खऱ्या, पण आतून दुहेरी. बाहेरचा दगडांचा एक पदर, आतला एक, आणि मधे चिखल व चिपांची भर. दोन्ही पदरांना बांधणारा आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हता. हादरा बसला, पदर फाटले, भिंती आत-बाहेर ढासळल्या. कित्येक घरांत भिंती पार कोसळल्या आणि खांब-तुळयांचा सांगाडा मात्र उभा राहिला, असे पाहणी करणाऱ्या अभियंत्यांनी नोंदविले आहे. त्यांनी दुसरीही गोष्ट नोंदविली : काही छतांवर मातीचा थर दीड ते अडीच फूट होता. भारतीय मानक ब्यूरोच्या १९९३ च्याच एका मानकात सांगितले आहे की अशा दगडी भिंतीत दर दोन फूट उंचीला आणि फार तर चार फूट अंतरावर एकेक आरपार दगड हवा. आमच्या आजोबांनी घर बांधले तेव्हा हे मानक कुठले असायला! भूकंपानंतर माळवदे उतरवून त्याच दुपदरी भिंतींवर स्लॅब टाकणारे अनेक निघाले. म्हणजे खांबांच्या खांद्यावरचे ओझे काढून ते भिंतींच्या खांद्यावर दिले.

आईच्या त्या एका वाक्याने कंत्राटदाराचा चहा निवला. दुसऱ्या दिवशी मी गावातल्या एका जुन्या सुतारांना घेऊन आलो. आम्ही त्यांना मिस्त्रीमामा म्हणतो.

मामांनी वर पाहण्याआधी खाली पाहिले. मधल्या खांबाचे उथळे खचले आहे का, हे आधी बघितले. नव्हते. मग भिंतीला ओळंबा लावला. भिंत बाहेर झुकली असती तर तुळई तिच्या जागेवरून सुटू लागली असती. तसेही नव्हते. मग तुळईच्या दोन टोकांना सुतळी ताणून बांधली. दहा फुटांच्या तुळईत मधोमध अडीच इंचांचा झोल! "सर, मधेच वाकलं असलं तर ओझं जास्ती. एकाच अंगाला उतरलं असलं तर टोक कुजलं. तुमचं दोन्ही हाय," मामा म्हणाले.

सुतळीशेजारी पाण्याची नळी धरली तेव्हा ते पटले. मागच्या भिंतीकडचे टोक पुढच्यापेक्षा पाऊण इंच खाली होते. मामा हातोडीने तुळई ठोकीत भिंतीकडे सरकले. खणखणीत आवाज भिंतीपासून हातभर अंतरावर एकदम बद्द झाला. तिथे गिरमिट फिरविले. आधी पिवळसर भुसा आला, मग काळी ओलसर पूड.

त्यानंतर आम्ही माळवदावर चढलो आणि पन्हळीपासून दूर एक खड्डा घेतला. मामांनी पट्टी उभी घातली : एकवीस इंच. खड्ड्याच्या कडेला थर मोजता येत होते, पुरणपोळीच्या उतरंडीसारखे. दरवर्षी ज्येष्ठात, मृगाच्या आधी, आम्ही वर पांढऱ्या मातीचा हात फिरवीत आलो. पावसाने वाहून जाई त्याहून थोडी अधिकच दरवेळी चढे. खालचे जुने आठ इंच आजोबांचे. वरचे सारे वडिलांचे आणि माझे.

"लई जीव लावला तुमी घराला," मामा म्हणाले. "त्याच्यानंच वाकलंय."

रात्री मी हिशेब मांडला. (मराठीच्या प्राध्यापकाने हिशेब मांडला म्हणून चिरंजीव हसले, पण त्यांनीच तो तपासला.) खोली दहा बाय बारा. कोरडी दाबलेली माती घनमीटरला सुमारे सोळाशे किलो धरली, तर एकवीस इंचांचे ओझे साडेनऊ टन. आठ इंचांचे असते साडेतीन-पावणेचार टन. म्हणजे आईच्या बाजेवर शंभर किलोची जवळजवळ साठ पोती आम्ही फुकट रचून ठेवली होती, आणि पावसात माती भिजली की त्याहून अधिक. लाकडाचा स्वभाव असा की वर्षानुवर्षे ओझे राहिले तर ते हळूहळू वाकत जाते, आणि ओझे काढल्यावरही सगळे सरळ होत नाही. तुळईची ताकद तिच्या उभ्या जाडीत असते. दहा इंची उभ्या तुळईचे खालचे दोन इंच वाळवीने खाल्ले, तर उरते आठ इंच, पण वाक जवळजवळ दुप्पट होतो.

आणि टोक का कुजले? ते मामांनी विचारले तेव्हा मला उत्तर द्यायला लाज वाटली. काही वर्षांपूर्वी मागच्या भिंतीला बाहेरून मीच सिमेंटचा गिलावा करवून घेतला होता, घर जरा शहरी दिसावे म्हणून. वर पन्हळ आखूड झालेली. तिचे पाणी भिंतीवर ओघळे. पूर्वी मातीची भिंत ते पिऊन उन्हात सोडून देई. सिमेंटने बाहेरचा श्वास बंद केला, ओल आत कोंडली आणि तिथेच तुळईचे टोक मुरत पडले.

काम वैशाखातच करायचे होते. आधी ओझे उतरविले, तेही एका बाजूने नव्हे. चारी कोपऱ्यांतून थोडे-थोडे, नाहीतर छत एकीकडे कलते. तुळईखाली फळ्या घालून दोन टेकू उभे केले. एका गॅरेजातून ट्रकचा जॅक आला. माझ्या मनात एका दिवसात तुळई वर घ्यायची होती, पण मामा रोज पाव इंचापलीकडे जाईनात. "वाकायला तिला पन्नास वर्सं लागली, अन् तुमाला संध्याकाळी पायजे?" सहा दिवसांत दीड इंच वर आली. सातव्या दिवशी तिने एक बारीक कुरकूर केली आणि मामांनी जॅकला हात लावणे बंद केले. उरलेला एक इंचाचा झोल तिच्या अंगात मुरला आहे, तो राहील.

कुजलेला दीड हात तुकडा कापून जुन्या सागवानाचा नवा तुकडा तिरक्या सांध्याने जोडला, दोन्ही अंगांनी लोखंडी पट्ट्या व बोल्ट. भिंतीतल्या टोकाला डांबर फासून भोवती बोटभर मोकळी जागा ठेवली, म्हणजे वारा लागतो. आजोबांनी काटकसरीने मागच्या भिंतीकडचा खांब वाचविला होता. तो आता उथळ्यासह उभा राहिला, आणि खांब-तुळईच्या कोनांत तिरके आधार बसले. भूकंपानंतरच्या दुरुस्तीत अभियंते अशा सांगाड्यांना हेच सुचवीत असत. सिमेंटचा गिलावा मी स्वतः छिन्नीने उडविला. पन्हळ दीड फूट लांब केली. वर पाला, प्लॅस्टिकचा कागद आणि मोजून आठ इंच माती.

भिंतींचे काय, असे कोणी विचारील. आरपार दगड बसवायचे काम अजून बाकी आहे. मागच्या भिंतीत पाच बसले. बाकीच्या तीन भिंतींचे पुढच्या उन्हाळ्यात पाहू, असे दर उन्हाळ्यात म्हणतो. आई मात्र पहिल्या रात्रीच बाज होती तिथे घेऊन निजली.

पुढच्या ज्येष्ठात तिने विचारले, "यंदा माती टाकायची न्हाई का रे?"

"टाकायची, पण आधी काढायची," मी म्हटले.

तिला ते पटले नाही. काढलेली माती म्हणजे तिच्या लेखी अपशकुनच. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ती जिन्याखाली पाट घेऊन बसली आणि भिंतीवर कोळशाने रेघा ओढू लागली. सात पाट्या उतरल्या, सहा चढल्या. सातवी तिने तुळशीवृंदावनात टाकायला लावली.