हाडातले पोळे: उतारवयात मणका का चेपतो?

कापसाचे गाठोडे उचलताना किंवा एसटीत खड्ड्याचा हादरा बसल्यावर साठीच्या बाईच्या पाठीत अचानक कळ येते. घरचे ‘वय झाले’ म्हणून मलम चोळतात. प्रत्यक्षात ते मणक्याचे फ्रॅक्चर असू शकते.

हाड हादरा कसा सोसते?

मणक्याचे कवच पातळ असते. आत मधाच्या पोळ्यासारखी हाडाच्या बारीक काड्यांची जाळी असते आणि तिच्या पोकळ्यांत मज्जा. भार पडला की काड्या किंचित दबतात, हादरा आपसांत वाटून घेतात आणि पूर्ववत होतात. म्हणूनच हाड हलके असूनही दाब सोसते.

जाळी विरळ झाल्यावर काय होते?

पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन घटते आणि हाड झपाट्याने झिजते. मणक्यात आडव्या काड्या आधी तुटतात. मधला आडवा टेकू गेला की उभ्या काडीची विनाआधार लांबी दुप्पट होते आणि न वाकता भार पेलण्याची तिची ताकद सुमारे चौथाईवर येते. मग साध्या हादऱ्यानेही मणका चेपतो, उंची घटते, पोक येते.

फ्लोराइडचे काय?

यवतमाळ जिल्ह्यातील काही गावांच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आढळते. ते वर्षानुवर्षे हाडात साठले की तपासणीत हाड दाट दिसते, पण असते ठिसूळ. त्यामुळे डॉक्टरांना पिण्याच्या पाण्याबद्दल जरूर सांगा. लिटरमागे १.५ मिलिग्रॅमहून जास्त फ्लोराइड असलेले पाणी पिऊ नये. उकळल्याने फ्लोराइड जात नाही.

काय करावे?

• अचानक सुरू झालेली पाठदुखी असेल तर एक्स-रे काढा. हाडांच्या घनतेसाठी डेक्सा तपासणी असते; टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याहून खाली असेल तर हाडे ठिसूळ झाली आहेत.
• एक मणका चेपला की पुढच्या फ्रॅक्चरचा धोका वाढतो. झीज रोखणारी औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्या, मध्येच सोडू नका.
• आहारात दूध, दही, तीळ ठेवा. रोज चाला. खर्रा-तंबाखू बंद करा.
• वाकून ओझे उचलू नका. न्हाणीघर कोरडे ठेवा, रात्री दिवा असू द्या.

पाय बधिर किंवा लुळे पडले, अथवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.