उणे व्होल्टेजचा पुरवठा आणि उष्णतेचा हिशेब

बऱ्हाणपूर हे यंत्रमागांचे शहर. एकाच वाहिनीवर अनेक मोटरी सुरू-बंद होत असल्या की विजेचा दाब खालीवर होतो. त्यात निमाडच्या उन्हाळ्यात पारा ४२ अंशांपलीकडे जातो. अशा ठिकाणी मोजमापाची उपकरणे वा ध्वनियंत्रणा चालवायची, तर वीजपुरवठ्याची, विशेषतः त्यातील उणे बाजूची, रचना जपून करावी लागते.

उणे व्होल्टेज म्हणजे मंडलातील शून्य पातळीच्या खालचा दाब. येथील कुंडी भंडाऱ्याचे पाणी भूपृष्ठाच्या खाली असते, तसाच हा प्रकार. ध्वनिसंकेत शून्याच्या वर आणि खाली हेलकावत असल्याने अनेक अ‍ॅम्प्लिफायरना अधिक १२ आणि उणे १२ असे दोन्ही दाब लागतात.

यासाठीचा सोपा मार्ग म्हणजे ७९१२ हा रेग्युलेटर. दाब घसरला तरी काम चालावे म्हणून त्याला उणे १८ व्होल्ट पुरवले, तर १ अँपिअर प्रवाहाला ६ वॅट उष्णतेत जातात आणि उपयोगी पडतात १२. कार्यक्षमता केवळ ६७ टक्के. पेटीतील हवा ५० अंशांवर असेल आणि रेग्युलेटरचा गाभा १२५ अंशांच्या आत ठेवायचा असेल, तर दर वॅटमागे सुमारे ७ अंशांहून अधिक तापणारा हीटसिंक चालत नाही.

येथे एक चूक महागात पडते. ७८१२ चा धातूचा पत्रा शून्य पातळीला जोडलेला असतो, तर ७९१२ चा पत्रा आत येणाऱ्या उणे दाबाला. दोन्ही एकाच हीटसिंकवर बसवताना मध्ये अभ्रकाची चकती नसेल, तर थेट शॉर्टसर्किट होते. दोघांच्या पायांचा क्रमही वेगळा आहे. शिवाय ७९१२ च्या बाहेरच्या बाजूस कपॅसिटर नसल्यास दाब अस्थिर होतो.

उष्णता कमी करायची तर स्विचिंग पद्धत वापरावी. तीत इंडक्टर आधी ऊर्जा साठवतो आणि मग उलट दिशेने सोडतो. अधिक १२ वरून उणे १२ मिळवताना स्विच निम्मा वेळ चालू असतो, त्यावर २४ व्होल्टचा ताण येतो आणि १ अँपिअर भारासाठी इंडक्टरमधून सरासरी २ अँपिअर वाहतात. सुटे भाग त्याच हिशेबाने निवडावेत. कार्यक्षमता ८५ टक्के राहिली, तर वाया जाणारी शक्ती दोन वॅटच्या आसपास उरते.

मात्र स्विचिंगमुळे गोंगाट वाढतो. नाजूक मोजमापासाठी म्हणूनच स्विचिंगने उणे १४ तयार करून पुढे साधा रेग्युलेटर जोडणे हा मधला मार्ग ठरतो. त्यात आणखी दोन वॅट खर्च होतात, पण संकेत स्वच्छ राहतो.