संगणकाचा आवाज : साउंड कार्ड घ्यावे की न घ्यावे?

एका घराची कल्पना आपण करू या. हे घर नागपुरात असेल, इंदूरला असेल किंवा बडोद्याला असेल. घरात संगणक एकच आहे आणि दोन भावंडे तो वापरतात. धाकटा भाऊ त्यावर मित्रांबरोबर नेमबाजीचे खेळ खेळतो. थोरली बहीण रात्री घरात निजानीज झाल्यावर त्याच संगणकाला हेडफोन जोडून गाणे ऐकते. एके दिवशी दोघेही वडिलांपुढे येऊन उभी राहतात. भाऊ म्हणतो, "बाबा, खेळात शत्रूची पावले कोणत्या बाजूने येतात, हे मला कळतच नाही." बहीण म्हणते, "बाबा, तानपुऱ्यामागे सारखी बारीक घरघर ऐकू येते." आणि मग दोघेही एकसुरात म्हणतात, "आपण एक चांगले साउंड कार्ड घेऊ या."

वडिलांनी तरुणपणी टेपरेकॉर्डरचे हेड स्पिरिटच्या बोळ्याने पुसलेले असते. तेव्हा आवाज बिघडला, तर दोष कोठे शोधावा हे त्यांना ठाऊक होते. आता मात्र दुकानात काही शेकड्यांपासून कित्येक हजार रुपयांपर्यंतची कार्डे मांडलेली दिसतात आणि प्रत्येक खोक्यावर मोठमोठे आकडे छापलेले असतात. अशा वेळी गृहस्थाने काय करावे?

वाचकहो, वरील दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत. परंतु त्या एक नाहीत, आणि त्यांचा उपायही एक नाही. वस्तू घेण्यापूर्वी दोष ओळखावा, एवढेच या लेखात सांगावयाचे आहे. तो ओळखण्यास फारसे शास्त्रही लागत नाही आणि खर्च तर मुळीच येत नाही.

हे कार्ड करते तरी काय?

संगणकाच्या पोटात आवाज नसतो, आकडे असतात. गाण्याच्या सीडीचेच उदाहरण घ्या. तीवर प्रत्येक सेकंदाच्या आवाजाची ४४,१०० मापे नोंदलेली असतात, आणि तीही डाव्या व उजव्या कानासाठी वेगवेगळी. या आकड्यांचे विद्युत्प्रवाहात रूपांतर करणे, हे साउंड कार्डाचे पहिले काम. तो क्षीण प्रवाह हेडफोनचा पडदा हलविण्याइतका सबळ करणे, हे दुसरे. माइकमधून आलेल्या बोलण्याचे पुन्हा आकडे करणे, हे तिसरे. इंग्रजी नावाऐवजी आपल्याला 'ध्वनिफलक' असा शब्द योजता येईल. पण दुकानात विचारताना साउंड कार्डच म्हणावे लागेल, म्हणून येथेही तोच शब्द ठेवला आहे.

एके काळी हे कार्ड वेगळे घेण्यावाचून गत्यंतर नव्हते. १९८१ साली आलेल्या आयबीएमच्या वैयक्तिक संगणकात केवळ पीं-पीं करणारा एक छोटा स्पीकर होता. १९८७ साली कॅनडातील अ‍ॅडलिब कंपनीचे कार्ड आले आणि खेळांना संगीत लाभले. १९८९ साली सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीने साउंड ब्लास्टर आणले. त्यातून संगीताबरोबर माणसाचे ध्वनिमुद्रित बोलणेही ऐकू येऊ लागले. पुढे १९९७ च्या सुमारास आणि नंतर २००४ साली इंटेलने आखलेल्या मानकांमुळे आवाजाची व्यवस्था संगणकाच्या मुख्य फलकावरच येऊन बसली. जुनी कार्डे खेळातील आवाजांची सरमिसळ स्वतः करून प्रोसेसरचा भार हलका करीत असत. २००७ साली आलेल्या विंडोज व्हिस्टाने तो जुना मार्ग बंद केला, आणि ते काम बहुतांशी सॉफ्टवेअरकडे गेले. म्हणून 'कार्ड घेतले की खेळ वेगाने चालेल' असे कोणी सांगू लागल्यास त्यावर विसंबू नये.

याचा अर्थ असा की, आपल्या संगणकात साउंड कार्ड नाही, असे सहसा नसतेच. ते मुख्य फलकावर असते. पुष्कळदा रिअलटेक या तैवानी कंपनीच्या एका लहानशा चिपच्या रूपाने. ते आपल्या कामास पुरते की नाही, एवढाच प्रश्न उरतो.

भावाची तक्रार

प्रथम भावाच्या कानावरचा हेडसेट पाहू या. त्याची तार यूएसबीच्या खाचेत जात असेल, किंवा तो बिनतारी असून त्याचा छोटा ग्राहक यूएसबीत खोचलेला असेल, तर आकड्यांचा प्रवाह करण्याचे काम त्या हेडसेटमध्येच होते. अशा हेडसेटसाठी घेतलेले साउंड कार्ड नुसते बसून राहील. त्याच्या खाचेत या हेडसेटची तार जाणारच नाही. ब्लूटूथचेही तसेच आहे. शिवाय त्यात आवाज किंचित उशिरा पोहोचतो आणि माइक सुरू होताच आवाजाचा दर्जा बहुधा खालावतो. खेळासाठी तारेचा हेडफोन किंवा स्वतंत्र ग्राहक असलेला बिनतारी हेडसेट बरा.

आता दिशेचा विचार करू. आपल्याला दोनच कान आहेत, तरी पाठीमागे पडलेले भांडे मागेच पडले हे आपण ओळखतो. डावीकडचा आवाज डाव्या कानाला आधी आणि थोडा मोठा ऐकू येतो. हे अंतर फार तर एका सेकंदाच्या दीड हजाराव्या भागाएवढे असते, तरी मेंदू ते टिपतो. पुढचा-मागचा आणि वरचा-खालचा भेद मुख्यतः कानाच्या पाळीच्या वळणांमुळे कळतो. अनेक खेळ हेच गणित करून दोन कानांसाठी योग्य तो आवाज तयार करतात. त्यासाठी हेडफोनला दोन वाहिन्या पुरतात. कार्डाच्या खोक्यावर ७.१ हा आकडा असलाच पाहिजे असे नाही.

घोटाळा होतो तो पुढेच. खेळाने एकदा हे गणित केलेले असते; त्यावर हेडसेटचे सॉफ्टवेअर 'सराउंड' म्हणून तेच पुन्हा करते, आणि कधीकधी विंडोजमधील सोयही चालू राहिलेली असते. एकाच भाजीत तिघांनी मीठ टाकावे, तसा हा प्रकार! म्हणून खेळात हेडफोनसाठी अशी सोय असेल, तर तीच चालू ठेवावी आणि बाकीच्या बंद कराव्या. नसेल, तर बाहेरची एकच निवडावी. विंडोजच्या आवाजाच्या मांडणीत 'स्टीरिओ' निवडले आहे ना, डावे-उजवे उलटे घातलेले नाही ना, हेही पाहावे. पावलांची दिशा पुष्कळदा एवढ्यानेच उमगू लागते. भावाची तक्रार दूर झाली आणि एक पैसाही खर्च झाला नाही.

बहिणीची तक्रार

बहिणीचा हेडफोन साध्या गोल पिनेचा आहे आणि तो संगणकाच्या पुढच्या खाचेत लावलेला आहे. तिने एक प्रयोग करावा. गाणे थांबवून, हेडफोन कानावर ठेवून, माउस हलवावा किंवा एखादे मोठे पान वरखाली सरकवावे. घरघर त्याबरोबर बदलत असेल, तर संगणकातील अन्य भागांची विद्युत् खळबळ आवाजात मिसळते आहे, असे समजावे. पुढच्या खाचेपर्यंत जाणारी तार डब्याच्या पोटातून, ग्राफिक्स कार्डाच्या शेजारून जाते. तिथे हा उपसर्ग पोहोचतो. आता हेडफोन मागच्या खाचेत लावून पाहावा. मग तोच मोबाइलला किंवा दुसऱ्या संगणकाला जोडून तेच गाणे ऐकावे. तिथेही घरघर असेल, तर दोष हेडफोनचा किंवा मूळ ध्वनिमुद्रणाचा आहे. कार्डावर खर्च करून तो जाणार नाही.

आणखी एक गोष्ट आपल्याकडील घरांत अवश्य पाहावी. ती म्हणजे अर्थिंग. भिंतीवरच्या प्लगला तीन भोके असली, तरी तिसऱ्यामागे जमिनीत जाणारी तार असतेच असे नाही. संगणकाच्या धातूच्या डब्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर अर्थिंगविषयी शंका घ्यावी आणि वायरमनला बोलवावे. त्याने घुमणारा आवाज तर कमी होईलच. पण जिवाच्या सुरक्षिततेसाठीही हे काम लांबणीवर टाकणे बरे नव्हे.

एवढे करूनही घरघर राहिली, आणि मोबाइलवर ती नसेल, तर मात्र वेगळ्या कार्डाची गरज खरी आहे. अशा वेळी डब्याच्या आत बसणाऱ्या कार्डापेक्षा यूएसबीने जोडावयाचे बाहेरचे छोटे यंत्र बहुधा श्रेयस्कर. ते खळबळीच्या जागेपासून दूर राहते, लॅपटॉपलाही चालते आणि संगणक बदलला तरी सोबत येते. साध्या हेडफोनला अंगठ्याएवढे यंत्रही पुष्कळदा पुरते.

हेडफोनचा स्वभाव

काही हेडफोनांना आवाज कमी पडतो. त्याचे कारण हेडफोनच्या खोक्यावरच छापलेले असते: रोध, म्हणजे ओहमचा आकडा. नेहमीचे हेडफोन ३२ ओहमच्या आसपास असतात. जर्मनीच्या बायरडायनॅमिक कंपनीचा डीटी ७७० हा हेडफोन ३२, ८० आणि २५० ओहम अशा निरनिराळ्या आवृत्त्यांत निघाला आहे. झेनहायझरचा एचडी ६०० हा ३०० ओहमचा आहे. आता हिशेब पाहा. एक व्होल्टच्या दाबाने ३२ ओहमच्या हेडफोनला सुमारे ३१ मिलिवॅट शक्ती मिळते. ३०० ओहमच्या हेडफोनला जेमतेम ३.३ मिलिवॅट. म्हणून अधिक ओहमच्या हेडफोनला अधिक दाब देणारे यंत्र लागते. हेडफोनची संवेदनक्षमताही यात मोजावी लागते. पण घरच्या घरी करावयाची परीक्षा सोपी आहे. आवाजाची पट्टी निम्म्या-पाऊण भागावर असताना पुरेसे ऐकू येत असेल, तर अधिक शक्तीची गरज नाही.

उलट, कमी ओहमच्या हेडफोनसाठी यंत्राचा स्वतःचा निर्गम रोध कमी असावा लागतो. तो हेडफोनच्या ओहमच्या एक-अष्टमांशाहून अधिक नसावा, असा सर्वमान्य ठोकताळा आहे. म्हणजे ३२ ओहमला ४ ओहम. तो फार वाढला, तर काही हेडफोनांत खर्ज सैल आणि घुमल्यासारखा वाटतो. हा आकडा माहितीपत्रकात दिलेला आहे का, हे दुकानदाराला अवश्य विचारावे.

खोक्यावरचे इतर आकडे पाहून मात्र भुलू नये. सीडीच्या १६ बिटांतच सर्वांत मंद आणि सर्वांत मोठ्या आवाजांतील अंतर सुमारे ९६ डेसिबलपर्यंत सामावते, आणि माणसाचा कान २०,००० कंपनांपलीकडे ऐकत नाही. छतावरचा पंखा फिरत असलेल्या खोलीत ३२ बिट आणि ३८४ किलोहर्ट्झ यांचा लाभ कोणाला होणार? तेच पैसे चांगल्या हेडफोनवर खर्चले, तर फरक पहिल्याच गाण्यात कळेल.

शेवटी कानाविषयी

शक्तिमान कार्ड आले की आवाज वाढविण्याचा मोह येतोच. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या मानकात प्रौढांसाठी आठवड्याला ८० डेसिबलचे ४० तास ही मर्यादा सांगितली आहे. लहान मुलांसाठी ती ७५ डेसिबलची आहे. आवाज ३ डेसिबलने वाढला की हा वेळ निम्मा होतो. ९० डेसिबलला आठवड्याचे अवघे ४ तासच उरतात. खेळातील स्फोट आणि गोळीबार तासन्‌तास ऐकणाऱ्या मुलाच्या बाबतीत हा हिशेब आई-वडिलांनी लक्षात ठेवावा. कार्ड बिघडले तर दुसरे मिळते. अंतःकर्णातील केसांसारख्या सूक्ष्म पेशी एकदा नष्ट झाल्या, की माणसाच्या कानात त्या पुन्हा उगवत नाहीत. खेळून झाल्यावर कानात शिट्टी वाजल्यासारखे वाटले, तर आवाज कमी करण्याची ती सूचनाच समजावी. तीन फुटांवर उभ्या असलेल्या आईने नेहमीच्या सुरात मारलेली हाक ऐकू येत नसेल, तरीही पट्टी खाली आणावी.

तेव्हा आपल्या त्या घरातील वडिलांनी काय केले असेल? एका रविवारी सकाळी त्यांनी मुलांना जवळ बसवून वरच्या सगळ्या परीक्षा करून घेतल्या. मुलाच्या हेडसेटवरचा जादा 'सराउंड' बंद केला. मुलीचा हेडफोन मागच्या खाचेत लावला; घरघर निम्मी झाली, पण गेली नाही. वायरमनने अर्थिंग पाहून ते नीट असल्याचे सांगितले. मग ते मुलीला घेऊन बाजारात गेले. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये किंवा आपल्या गावच्या दुकानात, कोठेही जा. हेडफोन आपला न्यावा, गाणे आपल्या ओळखीचे न्यावे आणि परत देण्याची सोय आधी विचारून घ्यावी. त्यांनी एक लहानसे यूएसबीचे यंत्र घेतले. त्या रात्री तानपुऱ्यामागची घरघर थांबली, आणि उरलेले पैसे मुलीच्या नव्या हेडफोनसाठी बाजूला ठेवले गेले.