ताठरलेले स्नायू आणि गांजाचे औषध

मलकपेठेत असो वा वसईत, घरात हातपाय ताठरलेला रुग्ण असला की ‘गांजा देऊन पाहा’ असे सांगणारा भेटतोच. त्यात तथ्य किती?

कलकत्त्यात १८३९ साली डॉ. ओशॉनेसी यांनी धनुर्वाताच्या रुग्णांस गांजाचा अर्क दिला व आचके शमल्याचे नोंदविले. २००३ साली ब्रिटनमध्ये मल्टिपल स्क्लेरॉसिसच्या ६३० रुग्णांवरील चाचणीत रुग्णांना आराम वाटला. डॉक्टरांच्या मोजमापात मात्र ताठरपणा विशेष घटलेला दिसला नाही. इतर औषधांनी गुण न आलेल्या अशा रुग्णांसाठी तेथे २०१० साली तोंडात फवारण्याचे, नेमक्या मात्रेचे औषध मान्य झाले.

चिलमीला मात्रा नसते. शिवाय १९८५ च्या कायद्याने आपल्याकडे गांजा ओढणे गुन्हा आहे. म्हणून आम्ही विनवितो, चिलीम दूर ठेवावी आणि रुग्णास हैदराबादच्या निम्ससारख्या रुग्णालयातील मज्जाविकारतज्ज्ञांकडे न्यावे.